बोटांना न लागलेलं हाड

हाड निघालं ते नेमकं सुनेच्या घासात. कटकन आवाज झाला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी तो ऐकला. सुनेने चावणं थांबवलं, जिभेने चाचपलं आणि दोन बोटांनी ते बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवलं. नखाएवढं, पांढरं, एका टोकाला सुईसारखं.

"आई, हे कुठून आलं?"

मग मुलगा खो खो हसत सुटला. "सिस्टरच्या हातून हाड सुटलं! बाबा, कॅलेंडरवर खूण करा."

मास्तरही हसले, पण जरा उशिराने. सून तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, एक हात पोटावर धरून. तिला नववा महिना लागला होता आणि फार हसलं की आतून लाथ बसायची. हसली नाही ती एकटी सिस्टर. ती त्या हाडाकडे बघतच राहिली. तोंडातला घास गिळायचा की थुंकायचा, हेसुद्धा तिला सुचेना.

एवढं काय त्यात, असं तुम्हाला वाटेल. बोनलेसमध्ये हाड कुणाच्या ताटात आलं नाही? पण तुम्ही या घरात कधी जेवलेला नाहीत.

सिस्टर म्हणजे प्रसूतिगृहातली नर्स. नोकरीतून निवृत्त झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. दूधवाला सिस्टर म्हणे, शेजारीण सिस्टर म्हणे, पोटचा मुलगा लाडात आला की सिस्टर म्हणे, आणि खुद्द नवराही चारचौघांत "अहो सिस्टर" अशी हाक मारी. नवखी माणसं दचकून दोघांकडे आळीपाळीने बघायची. नवरा शिंपी. खाली त्याचं दुकान, वर घर. त्याला सगळा रस्ता मास्तर म्हणायचा आणि तीही मास्तरच म्हणायची, म्हणजे फिटंफाट.

सिस्टरचं नाव झालं होतं ते तिच्या बोटांमुळे. पोटावर हात ठेवायची, डोळे मिटायची आणि बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, पाय कुठे, हे घडाघडा सांगायची. डॉक्टरबाईसुद्धा मशीन लावायच्या आधी विचारायच्या, "सिस्टर, तुमचं काय मत?" निवृत्तीनंतर बायका घरी येऊ लागल्या. पलंगावर आडव्या व्हायच्या, सिस्टर हात फिरवून "मजेत आहे, उगाच घाबरू नकोस" म्हणायची आणि बाई हलकी होऊन जिना उतरायची. सिस्टरलाही बरं वाटायचं. निवृत्त माणसाला कुणीतरी विचारतंय, यापेक्षा मोठं टॉनिक नाही.

आणि हीच तपासणी रविवारी कोंबडीचीही व्हायची. दुकानातून बोनलेस आणणं तिला मुळीच मंजूर नव्हतं. "तो घाईत कापतो, निम्मी कुर्चा आतच ठेवतो," हे तिचं म्हणणं. म्हणून हाडासकट छाती आणायची. ती नळाखाली धरायची नाही, कारण शिंतोडे ओटाभर उडतात आणि त्यातले जंतू शेजारच्या काकडीवर जाऊन बसतात. हे भाषण घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. कागदी रुमालाने टिपून कोरडी करायची. पाट वेगळा, सुरी वेगळी, त्या सुरीने दुसरं काही कापायची कुणाची टाप नव्हती. आधी गळ्याजवळचं बेचकीसारखं हाड सोडवायचं. मग मधल्या उभ्या हाडाला सुरीचं पातं टेकवून, फासळ्यांच्या अंगाने हळूहळू खाली यायचं, म्हणजे मांस न फाटता सुटतं. आतल्या बाजूची लांबट पट्टी वेगळी काढायची, तिच्यातली पांढरी शीर कागदाने पकडून ओढायची. जाड भाग वरून तळहाताने दाबून धरायचा आणि सुरी आडवी घालून त्याचे दोन पातळ काप करायचे. आणि शेवटी सुरी खाली ठेवून, डोळे मिटून, उजव्या हाताची तीन बोटं प्रत्येक कापावरून एकदा वर, एकदा खाली.

"कितवा महिना म्हणतेस?" मास्तर दर रविवारी विचारायचे.

"तुमची जीभ तपासू का?" ती दर रविवारी म्हणायची.

आजही तसंच झालं होतं. बोटं फिरली, सिस्टरने डोळे उघडले आणि म्हणाली, "चकाचक. एक काडी नाही." मग दही, लसूण, मिरपूड लावून काप मुरत ठेवले, तव्यावर भाजले, आणि पहिला मऊसर काप सुनेला वाढला. त्याच कापात हे निघालं.

"जेव ना, सिस्टर," मास्तर म्हणाले.

"पाणी आणते," म्हणून ती उठली. टेबलावर पाण्याचा जग भरलेला होता, पण कुणी तसं म्हणालं नाही.

स्वयंपाकघरात उद्यासाठी साफ करून ठेवलेले दोन तुकडे फ्रीजमध्ये होते. तिने डबा काढला, झाकण उघडलं, हात धुतले आणि डोळे मिटले. बोटं फिरवली. गार लागलं, तेही अगदी पुसट. गुळगुळीत. काही नाही. चला, तो एक तुकडा चुकून राहिला असेल, असं म्हणत तिने डोळे उघडले.

तिच्या मधल्या बोटाच्या टोकाखाली फासळीचं टोक होतं. शेजारी नाही, जवळपास नाही, थेट बोटाखाली. पांढरं, उघडं, डोळ्यांना ढळढळीत दिसणारं.

तिला वाटलं, आपण दाबलं नसेल. तिने बोट पुन्हा त्याच जागी ठेवलं आणि दाबलं. अजून दाबलं. बोट उचललं तर टोकावर खड्डा पडला होता. खड्डा दिसत होता, पण टोचल्याचं बोटाने काही सांगितलं नव्हतं. तिने हात उलटा केला आणि मनगटाची मागची बाजू त्या टोकावर टेकवली. टच्चकन टोचलं, इतकं की ती "स्स" करून मागे सरली. म्हणजे हाड टोचत होतं. बोटांना कळत नव्हतं.

अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. एकेक करून तिने तिन्ही टेकवली. तिन्ही मुकी. ज्या बोटांवर तिने जन्म काढला, ती बोटं तिच्याच हाताला लावलेली असून परक्यासारखी गप्प होती. आणि मधल्या बोटाच्या कडेला पाण्याने टरारलेला फोड होता. हा कधी आला?

"कालचा आहे तो," दारातून मास्तर म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, तिला समजलंच नव्हतं. "पातेल्यावरचं झाकण उचललंस. फडकं न घेता."

"मग ओरडला का नाहीत?"

"तू नाही ओरडलीस."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मास्तरांनी मान खाली घातली आणि पँटवरचा नसलेला दोरा काढू लागले.

"परवा दुकानात बटण लावून देत होतीस ना मला," ते म्हणाले, "तेव्हा सुई बोटात रुतून बसली होती. तू कुणाच्या तरी जुळ्यांची गोष्ट सांगत होतीस. मी सुई काढली. तू बघितलंही नाहीस."

"परवा?"

"परवा म्हणजे... झाला असेल महिना. दीड महिना."

"मास्तर! दीड महिना! आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"तू नर्स आहेस," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, तुला माहीतच असणार. मी शिंपी माणूस, तुला काय सांगू?"

तिला त्यांचा असा राग आला की समोरचा डबा उचलून भिरकवावा. पण राग पुरता वर यायच्या आतच विरला, कारण खरं बोलायचं तर तिला स्वतःलाही काही माहीत नव्हतं असं नाही. रात्री हाताला मुंग्या यायच्या, ती हात झटकून कूस बदलायची. नाणी पर्समधून निवडता येत नव्हती, तर पर्सच्या अस्तराला दोष द्यायची. दुसऱ्या कुणी येऊन हेच सांगितलं असतं तर तिने हजेरी घेतली असती, "आणि दाखवलं नाहीस अजून? शिकलेली ना तू?" स्वतःची हजेरी कोण घेणार?

आणि मग तिला शुक्रवार आठवला.

तिने दोन्ही हात ओट्यावर टेकले.

मागच्या तपासणीत बाळ उलटं होतं. डोकं वर, सुनेच्या फासळ्यांखाली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, शनिवारी या, पुन्हा मशीन लावून बघू, फिरलं नसेल तर ऑपरेशनचा दिवस ठरवू. ऑपरेशन म्हटल्यावर सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तशी ती घाबरट नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची, रोज कुणी ना कुणी तिला खांबावर नेऊन घालायचं, ती ढिम्म. पण पोट कापायचं म्हटलं की तिचे हातपाय गळायचे. शुक्रवारी संध्याकाळी ती सिस्टरच्या पलंगावर येऊन आडवी झाली. "आई, तुम्हीच बघा ना." सिस्टरने हात ठेवला, डोळे मिटले आणि सांगितलं, "फिरलंय की! डोकं खाली आलंय. कसलं ऑपरेशन नि काय!" सुनेने गळ्यात हात टाकले आणि रडली. शनिवारी तिच्या शिकाऊ लोकांची परीक्षा होती. "दवाखान्यात जाऊ का नको?" असं तिने विचारलं, तेव्हा कशाला उगाच चकरा, असं म्हणणारी सिस्टरच होती.

कोणत्या बोटांनी बघितलं होतं ते डोकं? याच. मग लागलं काय होतं हाताला? सिस्टरने आठवून बघितलं. तिला काही लागलंच नव्हतं. सुनेचा घाबरलेला चेहरा दिसत होता, डोकं खाली असावं असं मनापासून वाटत होतं, आणि जे वाटत होतं तेच बोटांनी सांगितलं असं ती धरून चालली होती. कळा आज सुरू होऊ शकत होत्या. आत्ता, या क्षणी, बाहेर जेवता जेवता.

ती हात पुसून बाहेर आली. "पोरी, जरा पलंगावर ये."

"आत्ता? जेवण तरी होऊ द्या, दोनच घास खाल्लेत."

"ये म्हणते ना."

सून आली, उशी पाठीशी घेऊन आडवी झाली आणि सवयीने कुर्ता वर केला. सिस्टरने दोन्ही हात ठेवले. जाड गोधडीवरून चाचपावं तसं वाटलं. वर काहीतरी टणक होतं की खाली? तळव्यांना जरासं कळत होतं, बोटांना काही नाही. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. सून खालून तिच्याकडे बघत होती आणि आताच हसू लागली होती, कारण या पलंगावर कधी वाईट बातमी मिळालेली नव्हती. सिस्टरच्या ओठांवर शब्द तयार होते. मजेत आहे. इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडलं असतं तर ते आपोआप बाहेर पडले असते. वर आणखी "पण एकदा मशीनने बघून घेऊ" एवढं जोडलं असतं, तर काम झालं असतं आणि नावही राहिलं असतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. आलं नाही असं मी सांगणार नाही.

"मला कळत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाळ कसं आहे, मला कळत नाहीये. माझी बोटं गेलीत. बधिर झालीत."

सून हसली. मग सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू तिथल्या तिथे थिजलं. "मग शुक्रवारी?"

"शुक्रवारीही नव्हतं कळलं."

"तुम्ही डोकं खाली म्हणालात."

"म्हणाले."

"शपथेवर सांगितल्यासारखं म्हणालात, आई!" सून कोपरावर उठून बसली. तिचा आवाज चिरका झाला. "मी शनिवारची वेळ सोडली! तुम्ही म्हणालात म्हणून सोडली!"

मुलगा हातात घास तसाच घेऊन दारात आला होता. "काय झालं? आई, काय झालं?"

"गाडी काढ," सिस्टर म्हणाली.

घरात गाडी होती ती ड्रायव्हिंग स्कूलची, डोक्यावर पाटी असलेली, पुढच्या दोन्ही सीटच्या पायाशी ब्रेक असलेली. मुलगा चालवायला बसला, सून शेजारी, सिस्टर आणि मास्तर मागे. तो दर वळणावर वेग वाढवायचा आणि सून आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायची. नववा महिना, पोटाशी पट्टा, चेहरा पांढराफटक, तरी पाय ब्रेकवर. "माणसासारखा चालव," एवढंच ती बोलली. मागच्या सीटकडे तिने एकदाही वळून बघितलं नाही. सिस्टर आपले हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसे.

रविवार होता, म्हणून प्रसूतिगृहात एकटी धाकटी सिस्टर ड्युटीवर. तिला या कामात हाताला धरून आणली होती ती सिस्टरनेच. तिने सुनेला टेबलावर घेतलं, हात ठेवला, आणि तिची नजर चटकन सिस्टरकडे गेली.

"तुम्ही बघितलं होतं ना, सिस्टर?"

"मला विचारू नकोस. तुझ्या हाताला काय लागतंय ते सांग."

धाकटीने पुन्हा चाचपलं. "डोकं वर आहे."

डॉक्टरबाई वरच्याच मजल्यावर राहायच्या. त्या ओल्या केसांनी खाली आल्या. "काल का नाही आलात?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मशीन लावलं. खोलीत फक्त बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता, टपटप, टपटप, जलद आणि नेमका. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत होत्या. मग त्या पुढे वाकल्या, आणि त्यांचं ते वाकणं बघूनच सिस्टर पडद्याजवळ सरकली. इतकी वर्षं शेजारी उभं राहून तिला ते वाकणं ओळखीचं झालं होतं.

"एक पाय खाली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि नाळ त्याच्याही खाली आली आहे."

धाकटीच्या हातातला ट्रे वाजला.

"घरी पाणी गेलं असतं ना..." डॉक्टरबाईंनी वाक्य अर्धवट सोडलं.

"तर काय?" सुनेने विचारलं. मुलगा डॉक्टरबाईंकडे बघत होता, डॉक्टरबाई पडद्याकडे. "मला सांगा. गेलं असतं तर काय?"

"तर नाळ आधी बाहेर आली असती," सिस्टर म्हणाली. "आणि बाळ हाती लागलं नसतं. इथे पोचेपर्यंत."

सुनेने तिच्याकडे असं बघितलं की सिस्टरला वाटलं, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग सुनेने मान भिंतीकडे वळवली. मुलगा मटकन स्टुलावर बसला. हे घडलेलं नव्हतं. घडता घडता राहिलं होतं, तेही ताटातल्या एका नखाएवढ्या हाडामुळे. पण सिस्टरच्या डोळ्यांसमोर ते घडलेलंच दिसत होतं. घरचा पलंग, ओली चादर, आणि "घाबरू नकोस, मी आहे ना" म्हणत पुढे होणारी ती स्वतः.

डॉक्टरबाईंनी भराभर ठरवलं. पोटात अन्न आहे, थोडं थांबायचं, पण ऑपरेशन आजच. तोवर पेशंटने उठायचं नाही, कूससुद्धा विचारून बदलायची. जाता जाता त्यांनी सिस्टरचे हात हातात घेतले, अंगठ्याजवळचा भाग दाबून बघितला. "मनगटातली नस दाबली गेली असेल, नाहीतर साखर. उद्या तुमचीही तपासणी. शेवटची कधी केली होती?" सिस्टरला शेवटची तारीख आठवेना.

संध्याकाळी सुनेला आत नेलं. आत तिच्याजवळ सिस्टर थांबणार, असं पहिल्या महिन्यापासून ठरलेलं होतं. दाराशी स्ट्रेचर थांबलं, तेव्हा सुनेने धाकटीचा हात धरला. सिस्टर बाहेर बाकावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या दाराच्या या बाजूला होती, आणि या बाजूला वेळ किती सावकाश जातो, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती येणाऱ्याजाणाऱ्या नातेवाइकांना दटावायची, "गप्प बसा एका जागी, फेऱ्या मारू नका." आता तिचा मुलगा फेऱ्या मारत होता आणि ती काही बोलू शकली नाही.

रडणं ऐकू आलं तेव्हा मास्तर आधी रडले. मग मुलगा. सिस्टरला रडूही येईना. जीव भांड्यात पडला म्हणावं, तर तोही पडत नव्हता.

धाकटी गुंडाळलेलं बाळ घेऊन धावतच आली. "मुलगी! ठणठणीत आहे. घ्या सिस्टर, पहिल्यांदा तुम्ही घ्या."

सिस्टरचे हात सवयीने पुढे झाले. अर्ध्या वाटेत ते थांबले आणि तिने ते पाठीमागे नेले. "नको. माझ्याकडे नको देऊस. मास्तरांकडे दे."

"असं काय करता? तुमची नात आहे."

"म्हणूनच सांगते. निसटली तर मला कळणार नाही."

धाकटीला हा विनोद वाटला आणि ती हसायला गेली. मग तिने मुकाट्याने बाळ मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांना सुटाचं महागडं कापड धरायची सवय, त्यांनी तसंच धरलं, श्वास रोखून. सिस्टर दोन पावलं लांबून बघत राहिली. अर्ध्या गावाची पोरं या हातांनी झेललेली, आणि स्वतःच्या नातीला हात लावायची तिला भीती वाटत होती. लाज वाटत होती, दुःख होत होतं, पण सगळ्यात जास्त भीती.

सुनेला खोलीत आणलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले, पण शुद्धीत होती. मुलगा बाळाला घेऊन तिच्या उशाशी बसला. सिस्टर पायथ्याशी उभी राहिली, जवळ जायचं धाडस होईना.

"आई," सून म्हणाली.

"हं."

"मी अजून चिडलेली आहे."

"चीड. हक्क आहे तुझा."

"ते नाही म्हणत मी." सुनेने जीभ ओठांवरून फिरवली. बोलायला तिला त्रास होत होता, पण ती थांबली नाही. "तुमच्याकडे बायका येतात. पलंगावर झोपतात, तुम्ही हात लावता, आणि त्या घरी जातात."

"हो."

"या दीड महिन्यात कितीजणी आल्या?"

दुपारपासून तिने आपल्या घराचा, आपल्या सुनेचा, आपल्या नावाचा विचार केला होता. हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. सुनेने पोट कापून घेतल्या घेतल्या जे विचारलं, ते तिला, एवढ्या जुन्या नर्सला, दिवसभर सुचलं नव्हतं. एकेक चेहरा समोर येऊ लागला. समोरच्या इमारतीतली ती जाड चष्म्याची. शाळेतल्या कारकुनाची बहीण. त्या दोघी बहिणी एकदम आल्या होत्या, हसत हसत. सगळ्यांना एकच सांगितलं होतं. मजेत आहे. सगळ्याजणी हलक्या होऊन जिना उतरल्या होत्या.

"मास्तर," ती म्हणाली. "उठा. दुकानात बसून कोण जिना चढलं ते सगळं बघत असता ना? मी एखादं घर विसरले तर आठवण करा."

धाकटीला तिने दारातच गाठलं. "आज आणि उद्या काहीजणी येतील. मी पाठवतेय. एकेकीला नीट बघ, मशीन लावून बघ. सिस्टर काय म्हणाली होती असं कुणी सांगितलं, तर ते ऐकायचं नाही."

रस्त्यावर दिवे लागले होते. दुकानं बंद करायची घाई चालली होती. मास्तरांना तिच्याबरोबर चालताना धाप लागत होती, तरी ती थांबली नाही. सगळ्यात जवळचं घर बेकरीवाल्याचं, बेकरीच्याच वर. त्याची बायको आठवड्यापूर्वी येऊन गेली होती, पहिलटकरीण, आठवा सरत आलेला.

दार तिनेच उघडलं. "सिस्टर! आजी झालात म्हणे! या ना, बसा, काय घेणार?" ती हौसेने बाजूला झाली, आणि सिस्टरने तोंड उघडायच्या आत, नेहमीच्या सवयीने सोफ्यावर टेकून मागे रेलली. "तुम्हीच आलात ते बरं झालं. जरा हात लावून बघा ना. सकाळपासून फार शांत आहे हो पोटात. हलतच नाहीये. आई म्हणत होती दवाखान्यात जाऊन ये, पण मी म्हटलं, सिस्टर म्हणाल्यात ना मजेत आहे, मग कशाला उगाच चकरा."

सिस्टरचे दोन्ही हात अंगाशी लोंबकळत राहिले. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तर रिक्षा थांबवायला वळून जिना उतरू लागले होते. या वयात त्यांना तिने असं धावताना कधी बघितलं नव्हतं.

"उठ," ती त्या मुलीला म्हणाली. "मला काही येत नाही. मला काही कळलं नव्हतं. चप्पल घाल, लवकर उठ."